फुले थोडी आणा, पण जपा

भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन आणि वर्षावासातल्या पौर्णिमा आल्या की आपल्या वस्त्यांतून फुलांची खरेदी सुरू होते. ज्या घरात रोज सकाळी वंदना होते तिथे तर फुले हा दुधासारखाच नेमाचा खर्च असतो. तथागतांच्या मूर्तीसमोर चार फुले, बाबासाहेबांच्या प्रतिमेला एक हार, एवढे असले की घर प्रसन्न वाटते.

पण ही फुले घरात आल्यावर त्यांचे पुढे काय होते, याकडे आपण फारसे पाहत नाही. संध्याकाळी आणलेला गुलाब सकाळी मान टाकतो. निशिगंधाच्या फुलदाणीतले पाणी दुसऱ्या दिवशी वास मारू लागते. मोगऱ्याच्या कळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच काळ्या पडतात. मग ‘फुलेच शिळी दिली’ असे म्हणून नाक्यावरच्या फूलवाल्या मावशींना बोल लावून आपण मोकळे होतो. कधी कधी फुले शिळी असतातही. पण पुष्कळदा घरी आणल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच त्यांचे आयुष्य अर्धे झालेले असते. घरातल्याच वस्तू वापरून, एका पैशाचा जादा खर्च न करता, हे टाळता येते. ते कसे, एवढेच आम्ही आज आमच्या माताभगिनींना आणि घरातल्या मुलामुलींना सांगणार आहोत.

फुले कशासाठी?

आधी एका प्रश्नाचा विचार करू. आपल्यातले शिकलेले तरुण विचारतात, ‘आपण विज्ञाननिष्ठ, मग मूर्तीसमोर फुले ठेवायची तरी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या पुष्पपूजेच्या गाथेतच आहे. त्या गाथेत कोणाकडे काही मागणे नाही, नवस नाही. आता रंगाने आणि गंधाने भरलेले हे फूल जसे कोमेजून जाणार, तसाच हा देहही नाशाकडे जाणार, हे स्वतःला समजावणे एवढाच तिचा अर्थ आहे. फूल हा अनित्यतेचा रोजचा धडा आहे.

यावर कोणी असेही म्हणेल, की फूल कोमेजणे हाच जर धडा असेल तर ते टिकवण्याची खटपट कशाला? आम्हांला वाटते, अनित्य म्हणजे टाकाऊ नव्हे. आपला देहही अनित्यच आहे. म्हणून काय आजारी लेकराला औषध देण्याचे आपण थांबवतो? जे टिकणार नाही ते आहे तोवर नीट सांभाळणे, हेच शहाणपण. शिवाय त्या फुलात कोणाचे तरी कष्ट आहेत आणि आपल्या घामाचा पैसा आहे. त्याची हेळसांड करण्याचा अधिकार आपल्याला अनित्यतेने दिलेला नाही.

तोडलेले फूलही जिवंत असते

फूल झाडावरून तोडले म्हणजे ते लगेच मरते असे नाही. ते श्वास घेत असते, पाकळ्यांतून पाणी हवेत सोडत असते. फक्त मुळे तुटल्यामुळे त्याला आता देठाच्या टोकातूनच पाणी ओढावे लागते. देठाच्या आत केसांसारख्या बारीक नळ्या असतात. त्या उघड्या राहिल्या तर फूल टवटवीत राहते, बंद झाल्या तर माना टाकते. सगळी गोम या नळ्यांत आहे.

त्या दोन कारणांनी बंद होतात. पहिले कारण हवा. देठ कापून कोरडा ठेवला की नळीत पाण्याऐवजी हवा शिरते. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकावा तसा प्रकार. दुसरे कारण जंतू. पाण्यात बुडालेली पाने कुजतात, फुलदाणी आतून बुळबुळीत होते, पाणी गढूळ होते आणि त्यातले जंतू देठाच्या तोंडाशी थर धरतात. मग फुलदाणी काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानेने मरते.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. आंब्याची आढी लावली की फळे लवकर पिकतात हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो शेजारच्या फळालाही पिकवतो. हाच वायू फुलांना लवकर म्हातारे करतो. म्हणून पिकलेली केळी, आंबे, चिकू यांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवली तर पाकळ्या लवकर गळतात. चौथा शत्रू म्हणजे उष्णता. जितकी उष्णता जास्त तितका फुलाचा श्वास जलद, आणि तितके त्याचे आयुष्य कमी.

एवढे चार शत्रू ओळखले की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

घरी आणल्यावर काय करावे?

फुले विकत घेतानाच थोडे पाहावे. पूर्ण उमललेल्यापेक्षा नुकतीच उमलू लागलेली कळी घ्यावी. देठ खालच्या टोकाला काळा, बुळबुळीत असेल तर ते फूल जुने समजावे. पाने हिरवीगार असावीत. ज्यांच्या दारात कुंडी किंवा झाड आहे त्यांनी फुले सकाळी लवकर तोडावीत. रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते. भर दुपारी तोडलेले फूल तहानलेलेच घरात येते.

घरी आल्यावर पहिले काम फुलदाणी घासण्याचे. नुसती विसळून चालत नाही. जेवणाचे भांडे घासतो तशी साबणाने आतून घासावी. फुलदाणी नसली तरी बिघडत नाही. काचेची बरणी, स्टीलचा उंच पेला, पाण्याची कापलेली बाटली, काहीही चालते. फक्त ते स्वच्छ हवे.

दुसरे काम पानांचे. जेवढा देठ पाण्यात राहणार तेवढ्या भागावरची सगळी पाने काढून टाकावीत. वरची थोडी पाने राहू द्यावीत.

तिसरे काम देठ कापण्याचे. धारदार सुरीने किंवा नव्या ब्लेडने देठाचे टोक साधारण एक इंच तिरके कापावे. बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि नळ्या दबतात. तिरका काप देण्याचे कारण असे, की देठ भांड्याच्या तळाला सपाट टेकत नाही आणि पाणी ओढायला वाट राहते. शक्य असेल तर पातेल्यात पाणी घेऊन देठ पाण्याखालीच कापावा. म्हणजे हवा शिरत नाही. ते जमले नाही तर कापल्याबरोबर लगेच पाण्यात ठेवावा. आधी सगळे देठ कापून ओट्यावर मांडायचे आणि मग फुलदाणी शोधायची, असे करू नये.

पाणी रोज बदलावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा नियम मोडूच नये. दर दोन दिवसांनी देठ पुन्हा अर्धा इंच कापावा. जुने पाणी मोरीत ओतू नये, कुंडीला घालावे. जिथे पाण्याचा टँकर येतो तिथे ही गोष्ट मुद्दाम सांगायला नको.

ज्या दिवशी कोमेजलेले फूल दिसेल त्या दिवशी ते काढून टाकावे. सडके फूल बाकीच्यांनाही बिघडवते.

पाण्यात काय घालावे?

याबद्दल घरोघरी वेगळे उपाय ऐकू येतात. कोणी तांब्याचे नाणे टाकतात, कोणी मीठ, कोणी डोकेदुखीची गोळी. यांतल्या कशावरही भरवसा ठेवू नये. मिठाने तर नुकसानच होते.

फुलाला तीन गोष्टी लागतात. अन्न म्हणून थोडी साखर, पाणी सहज वर चढावे म्हणून थोडा आंबटपणा आणि जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी जंतुनाशक. नुसती साखर घातली तर ती फुलांपेक्षा जंतूंनाच जास्त मानवते, हे लक्षात ठेवावे. त्याचे प्रमाण असे. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि कपडे पांढरे करायच्या पातळ ब्लीचचा पाव चमचा.

यात एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्लीच आणि लिंबाचा रस एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. साखर आणि लिंबाचा रस आधी लिटरभर पाण्यात पूर्ण मिसळावा, मग शेवटी ब्लीच घालावे, आणि खिडकी उघडी ठेवावी. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. ब्लीच नको असेल तर साखरही घालू नये. रोज ताजे पाणी द्यावे, तेवढ्यानेही फुले पुष्कळ टिकतात. हे मिश्रण पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात करू नये, काच किंवा स्टील वापरावे.

रविवारच्या धम्मवर्गाला येणाऱ्या मुलांसाठी एक सोपा प्रयोग आहे. एकाच दिवशी आणलेली एकाच जातीची नऊ फुले घ्यावीत. तीन पेल्यांत तीन-तीन ठेवावीत. पहिल्या पेल्यातले पाणी बदलायचे नाही. दुसऱ्यातले रोज बदलायचे. तिसऱ्यात मोठ्यांनी तयार करून दिलेले मिश्रण. कोणते फूल कोणत्या दिवशी कोमेजले हे मुलांनी वहीत लिहून ठेवावे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण मुलांना तीन पेल्यांतून समजेल.

जागा कोणती?

आपल्या घरात मूर्ती आणि प्रतिमा बहुधा एकाच फळीवर असतात. तिथेच मेणबत्ती, तिथेच अगरबत्ती आणि तिथेच फुलदाणी. ही मांडणी बदलायला हवी. मेणबत्तीची धग फुलाला भाजते. धुरातही इथिलीन वायू असतो. म्हणून फुलदाणी एका कडेला आणि मेणबत्ती-अगरबत्ती दुसऱ्या कडेला, निदान हातभर अंतरावर ठेवावी. सुकलेला हार आणि जळती मेणबत्ती जवळजवळ असली तर आग लागण्याची भीती असते. पत्र्याच्या आणि लाकडाच्या घरांतून हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. वंदना झाली, घराबाहेर निघायचे असले, की मेणबत्ती विझवावी.

पंख्याचा झोत सरळ फुलांवर येऊ देऊ नये. त्याने पाकळ्यांतले पाणी उडून जाते. खिडकीतल्या कडक उन्हात, टीव्हीवर, फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला किंवा गॅसजवळ फुलदाणी ठेवू नये. एका खोलीच्या घरात जागा निवडायला फारसा वाव नसतो हे आम्ही जाणतो. पण रात्री झोपताना फुलदाणी उचलून मोरीजवळच्या थंड फरशीवर ठेवली, तरी फूल एखादा दिवस जास्त टिकते.

फुलाफुलाची तऱ्हा

गुलाबाने मान टाकली म्हणजे ते संपले असे समजू नये. पुष्कळदा देठात हवा अडकलेली असते. देठ पाण्याखाली पुन्हा कापावा, फूल वर्तमानपत्रात सरळ गुंडाळावे आणि दोन तास खोल पाण्यात उभे ठेवावे. मान पुन्हा ताठ होण्याची शक्यता असते.

निशिगंध, ज्याला काही ठिकाणी गुलछडी म्हणतात, तो खालून वर उमलत जातो. खालची फुले कोमेजली की ती काढावीत, वरच्या कळ्या उमलतात. संपूर्ण छडी टाकून देऊ नये. ग्लॅडिओलसचेही तसेच. मात्र त्याच्या छड्या आडव्या ठेवू नयेत, शेंडे वरच्या दिशेने वाकतात आणि मग सरळ होत नाहीत.

जरबेराचा देठ मऊ आणि केसाळ असतो, जास्त पाण्यात तो कुजतो. त्याला तीन-चार बोटे पाणी पुरे. पाणी मात्र रोज बदलावे.

शेवंती आणि अ‍ॅस्टर ही गरीब घराची खरी सोबती. शेवंती नीट ठेवली तर आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त टिकते. फुलाआधी तिची पाने पिवळी पडतात. ती काढून टाकली की फूल पुन्हा ताजे दिसते.

जास्वंद एका दिवसाचेच फूल. पाण्यात ठेवा की बाहेर, ते संध्याकाळी मिटणारच. त्याच्यासाठी खटपट करू नये. चाफ्याची आणि देठ नसलेली इतर फुले पसरट ताटलीत पाण्यावर तरंगत ठेवावीत, छान दिसतात.

कण्हेरीबद्दल मात्र सर्वांनी सावध राहावे. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही विषारी आहेत. फूल, पान, देठ, बिया आणि ज्या पाण्यात देठ ठेवले ते पाणीसुद्धा पोटात जाता कामा नये. घरात रांगते मूल असेल तर ही फुले आणूच नयेत. तोडल्यावर हात साबणाने धुवावेत.

सुटी फुले आणि हार

मोगरा, झेंडू, सुटे गुलाब यांना देठाने पाणी पिता येत नाही. त्यांच्या अंगातला ओलावा टिकवणे एवढेच आपल्या हाती असते. बाजारातून आणल्यावर ती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीतून लगेच बाहेर काढावीत. पिशवीत वाफ धरते आणि फुले सडतात. सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, त्यात फुले सैलसर गुंडाळावीत आणि डब्यात ठेवावीत. फडके ओलसर हवे, निथळते नको. पाकळ्यांवर पाणी साचले तर बुरशी येते. केळीचे पान मिळाले तर उत्तम. जुन्या फूलवाल्या त्यातच पुड्या बांधत आल्या आहेत.

फ्रिज असेल तर डबा खालच्या कप्प्यात, फळांपासून दूर ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. फ्रिज नसेल तर माठाजवळची जागा निवडावी. पसरट घमेल्यात ओली वाळू घ्यावी, त्यात डबा ठेवावा आणि वरून ओले गोणपाट टाकावे. पाणी उडून जाताना गारवा होतो. माठातले पाणी थंड होते तेच हे शास्त्र.

कार्यक्रमाचे हार एकावर एक रचून पोत्यात भरू नयेत. फुले श्वास घेतात, त्यामुळे ढिगाच्या आत उष्णता साठते. आतले हार बाहेरच्यांच्या आधी काळे पडतात. हार दोरीवर सावलीत टांगावेत आणि हलकेसे पाणी शिंपडावे. हार मागवताना झेंडू-शेवंतीचा आणि सुती दोऱ्यात ओवलेला मागवावा. तार, जर, थर्मोकोल, प्लॅस्टिकची पाने नकोत. तारेने प्रतिमेवर ओरखडे पडतात आणि पुढे त्या हाराचे खतही होत नाही.

थोडा हिशेब

समजा, एका घरात आठवड्यातून दोनदा ४० रुपयांची फुले येतात. आठवड्याचे ८० रुपये, वर्षाच्या ५२ आठवड्यांचे ४,१६० रुपये. तीच फुले नीट ठेवून एकदाच आणली तर २,०८० रुपये हातात राहतात. हातावर पोट असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही. शाळा सुरू होताना जून महिन्यात तिची किंमत कळते.

विहाराचा हिशेब करून पाहा. जयंतीला २५ मंडळी प्रत्येकी १०० रुपयांचा हार आणतात, म्हणजे २,५०० रुपये. दहावा हार घातला की पहिला दिसेनासा होतो. त्याऐवजी सर्वांच्या वतीने २०० रुपयांचा एक चांगला हार आणि प्रत्येकाच्या हाती एक फूल दिले, तर उरलेल्या पैशांतून वस्तीतल्या मुलांना वह्या मिळतील. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, असे आवाहन कार्यकर्ते करीत आले आहेत. त्यामागचा विचार हाच आहे. तथागतांनीही कुसिनारा येथे अखेरच्या प्रसंगी आनंदाला सांगितले होते, की तथागताचा खरा सन्मान फुलांनी होत नाही, धम्माप्रमाणे वागण्याने होतो.

याचा अर्थ फुलांचा तिरस्कार करावा असा नव्हे. पुरंदरच्या आणि वसईच्या शेतकऱ्यांचे, विक्रमगड-जव्हारकडे मोगरा खुडणाऱ्या आदिवासी बायाबापड्यांचे, दादरच्या फूलबाजारात हार ओवत बसलेल्या भगिनींचे पोट फुलांवर आहे. ज्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले त्या महात्मा जोतीरावांचे आडनावही याच श्रमातून आले आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ नाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे ते फुले झाले. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की फूल जरूर घ्यावे, योग्य भावाने घ्यावे आणि घेतलेले वाया घालवू नये.

सुकलेली फुले कोण उचलतो?

फुलांची निगा ती सुकली की संपते, असे आपण धरून चालतो. खरी कसोटी तिथूनच सुरू होते. १५ एप्रिलच्या सकाळी आपल्या चौकातल्या पुतळ्याजवळ जाऊन पाहा. हार लोंबत असतात, पाकळ्या पायदळी गेलेल्या असतात, प्लॅस्टिक आणि मेण फरशीला चिकटलेले असते. मग पालिकेचे सफाई कामगार येतात आणि ते सगळे भरून नेतात. ते कामगार कोण असतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. कित्येकदा ते आपल्याच घरातले, आपल्याच शेजारचे असतात.

इथे सुनीत थेरांची आठवण येते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, उपाली न्हावी आणि सोपाक यांच्याबरोबर, झाडूवाल्या सुनीताच्या धम्मदीक्षेची हकीकत दिली आहे. थेरगाथेत सुनीत थेर स्वतःविषयी सांगतात, की हीन समजल्या गेलेल्या कुळात आपला जन्म झाला आणि सुकलेली फुले उचलून टाकणे हे आपले काम होते. लोक त्यांना तुच्छ लेखत. तथागतांनी त्यांना संघात घेतले आणि भिक्खू म्हणून संबोधले.

इतरांनी वाहिलेल्या फुलांचा कचरा उचलणारा माणूस धम्माने आपलासा केला. त्या धम्माचे आपण अनुयायी. मग आपण वाहिलेल्या फुलांचा कचरा दुसऱ्याने उचलावा, अशी अपेक्षा आपण कशी ठेवायची? जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळाने स्वतः हार उतरवावेत, चौथरा धुवावा, दोरे आणि प्लॅस्टिक वेगळे करावे. पाहुण्यांना हार घालण्याइतकाच मान या कामाला द्यावा. मंडळाच्या अध्यक्षांनी पहिली टोपली उचलली तर तरुण मागे राहणार नाहीत.

ही फुले नदी-तलावात सोडण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. आपल्या दृष्टीने त्यांत पवित्र-अपवित्र काही नाही. ती सुकलेली फुले आहेत आणि त्यांचे चांगले खत होते. तळाला भोके पाडलेल्या जुन्या बादलीत थोडी माती, थोडी फुले, पुन्हा माती, असे थर द्यावेत. अधूनमधून पाणी शिंपडावे, ढवळावे. दोन-तीन महिन्यांत कुंड्यांसाठी खत तयार होते. फुले फार भिजलेली असतील तर आधी वाळवावीत किंवा सुका पाला मिसळावा, म्हणजे वास येत नाही.

झेंडूचे हार मात्र सगळे खतात घालू नयेत. बुद्धपौर्णिमेचा हार सावलीत चांगला वाळवावा आणि फुले मोडून पाहावीत. पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या, सुईसारख्या बिया सापडतात. सगळ्याच उगवतील असे नाही, पण कागदाच्या पुडीत जपून ठेवाव्यात आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तेलाच्या रिकाम्या डब्यात, फुटक्या बादलीत किंवा विहाराच्या कुंपणाशी पेराव्यात. साधारण दोन-अडीच महिन्यांत झेंडूला फुले येऊ लागतात. दसऱ्याच्या सुमारास, ज्या वेळी बाजारात झेंडूचा भाव सर्वांत चढलेला असतो, त्याच वेळी अशोक विजयादशमीला आपल्या दारातली फुले तयार असतील. विहाराच्या महिला मंडळांनी यंदा बुद्धपौर्णिमेनंतर बियांच्या पुड्या बांधून घरोघरी वाटाव्यात, अशी आमची त्यांना विनंती आहे.